सावली पडते

तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात रोज एक खोटं सांगितलं जातं. वाटाड्या शिखराकडे बोट करून म्हणतो, या विमानाची सावली कधीच जमिनीवर पडत नाही. पाहुणे माना वर करतात, मोबाइल वर करतात, फोटो काढतात. दुपारचे चार वाजलेले असतात, फरशी तापलेली असते, पाय अनवाणी असतात. चटके बसू नयेत म्हणून वाटाड्या आपला जथा घेऊन एका काळसर पट्ट्यात उभा असतो. तो पट्टा म्हणजे त्याच शिखराची सावली असते.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून हे खोटं मला जास्त टोचतं. तंजावर 10 अंश 47 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या दिवसांत, आणि त्यांच्या आगेमागे बरेच आठवडे, मध्यान्हीला शिखराची सावली देवळाच्या स्वतःच्या पायथ्यातच जिरते. मेच्या सुट्टीत बाराच्या सुमाराला आलेल्या माणसाला म्हणूनच वाटाड्याचं म्हणणं पटतं. तोच माणूस डिसेंबरात आला तर त्याला दिसेल, की भर दुपारीसुद्धा सावली उत्तरेला चंडिकेश्वराच्या छोट्या देवळाकडे लांबवर पडलेली आहे. सकाळी ती पश्चिमेच्या अंगणात असते, संध्याकाळी नंदीच्या दिशेनं सरकते. इ. स. 1010 पासून ती रोज पडते आहे. ती पाहायला विद्वत्ता लागत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं जावं लागतं.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसाविषयी आहे. माझं म्हणणं असं, की ज्याला कॅमेरा हातात घ्यायचा आहे त्यानं आधी आपल्या घरापासून चालत जाता येईल तेवढ्याच टापूत, आहे त्या उजेडात, पुन्हापुन्हा फोटो काढावेत. हे मी सोय म्हणून सांगत नाही, किंवा नवशिक्यांना धडा म्हणूनही नाही. ज्या माणसाला उद्या तोंड दाखवायचं आहे, त्याच्या फोटोत खोटं घालताना हात जरा तरी अडखळतो. दूरच्या माणसाच्या बाबतीत तो अडखळत नाही, हे आम्ही तंजावरकर मराठी माणसांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून एक छायाचित्रकार आमच्याकडे आले. मेल वीदीवरच्या आमच्या जुन्या घरात माझी आत्या राहते. वय तेव्हाच ऐंशीच्या पुढे. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, फिल्टर कॉफी दिली. त्यांना ‘विस्मरणात गेलेले तंजावरचे मराठे’ टिपायचे होते. आत्यानं सांगून पाहिलं, की आम्ही राजघराण्यातले नाही, आमचे पूर्वज त्यांच्या कचेरीत कारकून होते. ते त्यांना फारसं रुचलं नाही. त्यांनी तिला नऊवारी नेसायला सांगितलं. ‘सणावाराला नेसते,’ ती म्हणाली, ‘आज मंगळवार.’ तर त्यांनी गाडीतून एक काठापदराची साडी आणली, एक नथही आणली. त्या वेळी सकाळचे दहा वाजले होते. आमच्या घराच्या मधोमध मोकळा चौक आहे, तमिळमध्ये त्याला मुट्रम म्हणतात. दहा वाजता त्या चौकात ऊन पश्चिमेच्या चुन्याच्या भिंतीवर येतं आणि तिथून सगळ्या ओसरीवर पसरतं. लाल फरशीवरून थोडी लाली हनुवटीखाली चढते. त्या उजेडात माझी आत्या गेली साठ वर्षं भाजी निवडत आली आहे. पाहुण्यांनी तिला तिथून उठवलं, मागच्या अंधाऱ्या खोलीत जुन्या दारापाशी बसवलं, आणि बॅटरीवरचा दिवा पांढऱ्या छत्रीतून तिच्या एका गालावर सोडला.

आत्यानं एकच विचारलं, ‘हे कोणाला दाखवणार?’

पुढे तो फोटो एका प्रदर्शनात लागल्याचं कळलं. आमच्याकडे त्याची प्रत आली नाही. फोटो चांगला आला असणार, यात मला शंका नाही. एका गालावर सोनेरी उजेड, बाकी काळोख, नाकात कोणाची तरी नथ. विस्मरणात गेलेली बाई. पण कोणाच्या विस्मरणात? आत्याला सगळं आठवतं. दुधाचा हिशोब, नातवंडांचे वाढदिवस, 1977 च्या वादळात कोणाचं कौल उडालं ते. आम्ही घरात मराठी बोलतो. ती छापली तर तुम्ही तिला तळटिपा जोडाल, म्हणून हा लेख मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. पण ती बोलली जाते, तिच्यात भांडणं होतात, त्या भाषेत आम्ही वीजबिल भरायला विसरतो आणि मग एकमेकांना दोष देतो. आम्ही अवशेष नाही. आमची सावली पडते.

हे एका पाहुण्याचं वाईट वागणं म्हणून सोडून देता आलं असतं. पण या चुकीला मोठी वंशावळ आहे, आणि तिची सुरुवात याच गावात सापडते.

1670 च्या दशकात व्यंकोजी भोसल्यांनी सुरू केलेलं तंजावरचं मराठी राज्य 1855 मध्ये संपलं. शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1858 मध्ये, मद्रास सरकारचा अधिकृत छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप इथं कॅमेरा घेऊन आला. माणूस कसबी होता, हे मान्यच करायला हवं. बृहदीश्वराच्या विमानाच्या पायथ्याला कोरलेले लेख त्यानं टप्प्याटप्प्यानं टिपले आणि 21 छायाचित्रं एकापुढे एक जोडून सुमारे 19 फूट लांबीची एक पट्टी तयार केली. इतकी चिकाटी आज कोणी दाखवणार नाही. त्याचं काम मी अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी थक्क झाले आहे. तरी त्या चित्रांतल्या तंजावरात जवळजवळ कोणीच राहत नाही. तेव्हाच्या कागदी निगेटिव्हला उजेड घ्यायला वेळ लागे, हलणारी माणसं पुसली जात, हे खरं. पण तो मोजमाप घ्यायला आला होता, हेही तितकंच खरं. नुकतंच ताब्यात आलेलं घर रिकामं दिसलं तर मालकाला बरंच वाटतं. आणखी एक गोष्ट. त्या निगेटिव्हांवर आकाश कोरं यायचं, म्हणून ट्राइप काही चित्रांत ढग हातानं रंगवत असे. म्हणजे इथल्या उजेडाला दुरुस्त करण्याची हौस आजच्या मोबाइलपासून सुरू झालेली नाही. 1859 मध्ये नवा गव्हर्नर ट्रेव्हेलियन आला, त्यानं हा सगळा प्रकार खर्चिक चैन ठरवून बंद केला, आणि ट्राइपचं काम थांबलं.

मुंबईत त्याच सुमाराला याच्या उलट प्रकार चालू होता. तिथं माणसं होती, जागा नव्हती. विल्यम जॉन्सननं 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, देखावे दुसरीकडे. मग माणूस कापून देखाव्यावर बसवायचा. नीट पाहिलं तर कळतं, की माणसावर उजेड एका बाजूनं येतो आहे आणि त्याच्या मागच्या देवळावर दुसऱ्या बाजूनं. आत्याला तिच्या चौकातून उठवून अंधाऱ्या दारापाशी बसवलं तेव्हा मला ते खंड आठवले. कात्री तीच होती, फक्त या वेळी ती न वापरता काम झालं.

आता कोणी म्हणेल, उजेडाचं एवढं काय? दिवा लावला काय, ऊन घेतलं काय, माणूस तर तोच. नाही, तोच राहत नाही. दिवा तुमचा असतो, तो तुमच्या वेळेला लागतो. ऊन त्या घराचं असतं, आणि त्यासाठी तुम्हाला त्या घराच्या वेळेला यावं लागतं. आत्याच्या तोंडावर चांगला उजेड हवा असेल तर दहा वाजता यायला हवं, आणि दहा वाजता ती भाजी निवडत असते, म्हणून फोटोत भाजी येते. नथ येत नाही. आहे तो उजेड स्वीकारला की त्याबरोबर त्या माणसाचं कामही स्वीकारावं लागतं. मला नैसर्गिक प्रकाशाचा आग्रह धरावासा वाटतो तो एवढ्यासाठी. एरवी माझं दिव्याशी वैर नाही. आमची तंजावर शैलीची देवाची चित्रं पाहा. त्यांवरचा सोन्याचा वर्ख देवघरातल्या समईसाठी आहे. ज्योत हलली की सोनं हलतं. त्यांवर फ्लॅश मारला की सगळं पत्र्यासारखं दिसतं. बृहदीश्वराच्या प्राकारात 1803 मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवून घेतलेलं भोसलेवंशाचं चरित्र आहे. महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर फोटो काढतो. कोरलेलं अक्षर तिरक्या उजेडात उठतं, समोरून झोत टाकला की दगड सपाट होतो आणि काहीच वाचता येत नाही. अनेकांच्या मोबाइलमध्ये तो लेख आहे आणि त्यातली एक ओळही वाचता येत नाही.

उजेडाला ऋतूही असतो. मराठी कवितेनं वाढवलेल्या माणसाला वाटतं, की पाऊस आषाढात येतो आणि श्रावणात ऊन-पाऊस खेळतात. आमच्याकडे ते चालत नाही. आमचा खरा पाऊस ईशान्येकडून येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीचे फटाके आम्ही ढगांकडे बघत उडवतो. जूनमध्ये, तुमच्याकडे आभाळ दाटून येतं तेव्हा, आमच्याकडे कडक ऊन असतं आणि पाणी आकाशातून न येता मेट्टूरच्या धरणातून येतं. रीतीप्रमाणे 12 जूनला धरणाचे दरवाजे उघडतात आणि काही दिवसांत कावेरीचं पाणी कालव्या-कालव्यांतून शेतांपर्यंत पोचतं. कोरड्या निळ्या आभाळाखाली भरलेलं पाणी आणि त्यात कुरुवै भाताची रोपं, हा आमचा जून आहे. तो महाराष्ट्राच्या पावसाळ्यासारखा दिसावा म्हणून फोटोत निळी झाक वाढवणारे लोक मी पाहिले आहेत.

या भातशेतांविषयी बोलायलाच हवं, कारण तंजावरचा निसर्ग म्हणजे तीच. रस्त्यावर गाडी थांबते, काच खाली होते, हिरव्या शेतात ओळीनं वाकलेल्या बायकांचा फोटो निघतो, काच वर होते. त्या फोटोत पाठी असतात, चेहरे नसतात. हिरवा रंग फार सुंदर येतो. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीवाढीसाठी उभ्या राहिलेल्या दलित शेतमजुरांच्या घरांतली 44 माणसं एका झोपडीत जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. तिथलं शेतही डिसेंबरात हिरवंच असतं. मी असं म्हणत नाही, की भाताचा फोटो काढताना प्रत्येकानं कीळवेण्मणी आठवावं. पण ज्या पाठीचा फोटो काढला तिला चेहरा आहे, मजुरी आहे, घरी जायची वेळ आहे, हे जवळ राहणाऱ्याला विसरता येत नाही. संध्याकाळी त्याच बसला ती बाई असते. नोव्हेंबर 2018 मध्ये गज वादळानं पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणीकडची नारळाची झाडं आडवी केली तेव्हाही बाहेरून कॅमेरे आले. आठवड्यात गेले. आडवं झालेलं झाड फोटोत नाट्यमय दिसतं. त्याच्या जागी लावलेलं रोप वर्षानुवर्षं काहीच देत नाही, तो काळ टिपायला कोणी आलं नाही. तो फक्त तिथं राहणाऱ्याच्या कॅमेऱ्यात मावला असता.

माझ्या म्हणण्यावर एक जबरदस्त आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच घेते. जवळचं दिसेनासं होतं. रोजच्या रस्त्यावर नजर मरते. बाहेरचा माणूस येतो तेव्हा त्याला जे दिसतं ते आपल्याला कधीच दिसलेलं नसतं. हे खरं आहे. यावर लोक नीएप्सचा दाखला देतात, की जगातलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं छायाचित्र त्यानं 1826-27 च्या सुमाराला स्वतःच्याच घराच्या खिडकीतून काढलं, म्हणजे बघा, जवळचं किती थोर. त्या चित्रात उजेड इतके तास पडत राहिला, की अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं. गोष्ट सुंदर आहे, पण तिनं आक्षेप मिटत नाही. खिडकीत भिंती होत्या. भिंती तक्रार करत नाहीत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर त्यांचं काही बिघडत नाही.

माझ्याच पेटीचं सांगते. वीस वर्षांचे फोटो आहेत. आत्या आहे, चौक आहे, मेल वीदीवरचा रथ आहे, वडवारचं पाणी आहे, माझ्या विद्यार्थ्यांचे खूप चेहरे आहेत. आमच्याकडे बावीस वर्षं भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा एकही फोटो नव्हता. चुकून आलेला एक हात होता, एका फोटोच्या कडेला. मी दूरच्या छायाचित्रकारांना नावं ठेवत होते तेव्हा माझ्या मागच्या दाराशी ही बाई उभी होती. आमच्या गल्लीत कोणाच्या तोंडाकडे बघायचं आणि कोणाच्या हाताकडे, हे जातीनं केव्हाच ठरवून दिलेलं आहे, आणि माझा कॅमेरा ते निमूट पाळत होता. जवळ असणं आपोआप घडतं, पण जवळचं पाहणं आपोआप घडत नाही.

हे मला सुचलं नाही. त्यांनीच विचारलं. मी शाळेतल्या मुलींचे फोटो निवडत बसले होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘टीचरम्मा, एन्ने एप्पो एडुप्पीन्ग?’ मला कधी काढणार?

मी म्हटलं, आत्ता, या ना, चौकात उजेड छान आहे. त्यांनी मान हलवली. इथं नको. रविवारी, घरी, आंघोळ झाल्यावर, मोगरा माळल्यावर. म्हणून मी रविवारी वडवार ओलांडून करंदैच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. नऊ वाजले होते. गल्ली अरुंद, घर पूर्वेला तोंड करून, ऊन सरळ तोंडावर. छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असतं, की असल्या उन्हात माणसाचा फोटो काढू नये, डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. मी म्हटलं, जरा आत, दाराच्या सावलीत बसता का? ‘आत कोण बघणार?’ असं म्हणून त्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. शेजारणी बघायला आल्या.

मग कॅमेऱ्यानं त्याचा स्वभाव दाखवला. मागे पांढरी भिंत, पुढे काळा चेहरा. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं समजतं. पांढरी भिंत दिसली की ते उजेड कमी करतं आणि चेहरा काळोखात जातो. याला उपाय सोपा आहे, मोजणी भिंतीवर न करता चेहऱ्यावर करायची आणि भिंत जळू द्यायची. पण अनेक वर्षं हा उपाय कोणी केला नाही. कोडॅक रंग जुळवण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचं नमुनाचित्र पाठवत असे, त्यावरून सगळ्या जगाची कातडी ठरायची. आज मोबाइल न विचारता कातडी उजळ करतो, खड्डे भरतो, एका दाबात अनेक फोटो काढून त्यांची सरासरी लावतो आणि सावली पुसून टाकतो. ट्राइप ढग रंगवत होता, हे यंत्र माणसं रंगवतं. मी भिंत जळू दिली. चेहरा होता तेवढा काळा आला, डोळ्यांखाली सावल्या आल्या, उन्हानं बारीक झालेले डोळे आले, मोगरा आला.

प्रत दिली तेव्हा मला भीती होती, की त्या म्हणतील, जरा गोरं करून द्या. गावातल्या स्टुडिओत तसंच मागतात आणि तसंच मिळतं. त्यांनी फोटो बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, ऊन लागतं आहे असं दिसतंय. आणि विचारलं, ‘अजून किती प्रती मिळतील?’ बहिणीला हवी होती, मुलाला हवी होती, ज्या घरी त्या पूर्वी काम करायच्या तिथंही दाखवायची होती. मी सहा काढून दिल्या.

म्हणून पुण्या-मुंबईहून, नागपुराहून आमच्याकडे कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. या, जरूर या. देऊळ पाहा, सरस्वती महाल पाहा, कॉफी प्या. पण आमचे फोटो काढण्याआधी तुमच्या जिन्याखाली राहणाऱ्या वॉचमनचा एक फोटो काढा, त्याच्या वेळेला, त्याच्या उजेडात, आणि त्याला प्रत द्या. तो काय म्हणतो ते ऐका. तुमच्या घरातल्या भांड्यांवर कोणाचे हात आहेत, तिला विचारा, फोटो हवा आहे का आणि कुठं बसून हवा आहे. तिनं नको म्हटलं तर तेही ऐका. एवढं करून मग तंजावरला आलात, तर आत्या तुम्हाला पुन्हा ओट्यावर बसवेल. ती आता नव्वदीकडे झुकली आहे, पण दहा वाजता अजून चौकात असते. साडी आणू नका. फक्त दोन दिवस राहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला देवळात नेईन आणि सावली दाखवीन.